आधी कॅमेरा, मग पाना

मुंबई इलाख्याच्या जुन्या नकाशात एक ठिकाण भलतीकडेच दिसतं. अरबस्तानच्या दक्षिण टोकाला, समुद्रापलीकडे. एडन. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ते घेतलं आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईहून चालला. ही गोष्ट एडनमधलीच आहे, पण ती घडली तेव्हा मुंबईचा संबंध संपून तीस वर्षं झाली होती आणि ब्रिटिशांचाही तिथला मुक्काम आवरत आला होता. १९६३ च्या अखेरीपासून आणीबाणी लागू होती, आणि १९६७ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश फौजा निघून गेल्या. त्याआधी दोन वर्षं, १९६५ मध्ये, रॉयल एअर फोर्समधला एक तरुण अधिकारी तिथे सहकाऱ्याच्या थकलेल्या स्पोर्ट्स कारचं इंजिन खोलायला बसला होता.

त्याचं नाव जॉन हेन्स. जन्म १९३८, सिलोनमधला. वडील चहाच्या मळ्यावर व्यवस्थापक. गाडी होती ऑस्टिन-हीली स्प्राइट, जिला सगळे 'फ्रॉगआय' म्हणायचे, कारण बॉनेटवर उगवल्यासारखे दिसणारे दोन हेडलाइट तिला बेडकाचा चेहरा देत. (अमेरिकेत तिला 'बगआय' म्हणतात. प्राणी बदलला, डोळे तेच.) मूळ विचार असा होता की दिवे नको असतील तेव्हा ते बॉनेटमध्ये झोपवता यावेत. पण त्या यंत्रणेचा खर्च परवडेना, म्हणून दिवे कायमचे उघडे राहिले. काटकसरीतून आलेली कुरूपता पुढे लाडकी झाली, याचं हे एक चांगलं उदाहरण आहे.

सहकाऱ्याने मदत मागितली आणि हेन्सने कंपनीचं अधिकृत वर्कशॉप मॅन्युअल उघडलं. ते चुकीचं नव्हतं. पण ते त्याच्यासाठी लिहिलेलं नव्हतं. अशी पुस्तकं डीलरच्या वर्कशॉपमध्ये शिकून तयार झालेल्या फिटरसाठी असत. 'इंजिन काढा' एवढं सांगितलं की पुढचं त्याला ठाऊक असणार, हे गृहीत. शिवाय जागोजागी कंपनीच्या खास हत्यारांचे उल्लेख. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, म्हणजे बीएमसीच्या, या हत्यारांचे क्रमांक '१८जी' ने सुरू होत. ही हत्यारं वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलेली असायची. एडनमध्ये दोन पाने आणि एक हातोडी घेऊन बसलेल्या माणसाकडे ती असण्याचा प्रश्नच नव्हता.

मग हेन्सने एक कॅमेरा विकत घेतला. एकेक भाग सुटा करायचा, त्याचा फोटो काढायचा, काय केलं ते लिहायचं. इंजिन पूर्ण खोलून पुन्हा जोडून होईपर्यंत त्याच्याजवळ फोटोंची आणि टिपणांची मालिका तयार झाली. १९६६ मध्ये त्यातून स्प्राइटचं 'ओनर्स वर्कशॉप मॅन्युअल' निघालं. पहिल्या आवृत्तीच्या ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या.

नावातला 'ओनर्स' हा शब्द नीट बघा. वर्कशॉप मॅन्युअल आधीही होती. मालकाला मिळणारी छोटी पुस्तिकाही होती. ती हवा किती भरायची, तेल कधी बदलायचं एवढं सांगायची आणि बाकीसाठी डीलरकडे पाठवायची. या दोन पुस्तकांच्या मध्ये एक भिंत होती. भिंतीच्या अलीकडे गाडी चालवणारा, पलीकडे गाडी जाणणारा. हेन्सने दोन्ही शब्द एका नावात बसवले आणि ती भिंत पाडली. पुढचा सगळा इतिहास त्या एका शब्दाचा आहे, असं मला वाटतं.

हेन्सला ही खोड शाळेपासूनची. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या सटन व्हॅलन्स या निवासी शाळेत तो शिकत होता. रग्बीचा त्याला कंटाळा. त्याने शाळेकडून परवानगी काढली की रग्बीच्या तासाला मी मैदानावर न जाता जुन्या ऑस्टिन सेव्हनची स्पोर्ट्स कार बनवेन. परवानगी देणाऱ्या त्या शिक्षकाचं कौतुक करायला हवं, आपल्याकडे पालकांना चिठ्ठी गेली असती.

ऑस्टिन सेव्हन ही १९२२ ते १९३९ या काळात बनलेली ७४७ सीसीची चिमुकली गाडी. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये नवी गाडी घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. उत्पादनाचा मोठा हिस्सा निर्यातीला जायचा आणि देशात विकल्या जाणाऱ्या गाडीवर खरेदी कर भरमसाट होता. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात तो काही वर्षं ६० टक्के होता. जुन्या ऑस्टिन सेव्हन मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर पडलेल्या. तरुण पोरं त्यांचा कुजलेला वरचा डबा काढून फेकायची, खालची चेसिस, इंजिन आणि चाकं ठेवायची आणि वर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बुटकी दोन सीटची बॉडी चढवायची. याला म्हणायचे 'स्पेशल'. कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये बनवलेली पहिली लोटस ही अशीच ऑस्टिन सेव्हनवर चढवलेली गाडी होती. फॉर्म्युला वनमधलं एक मोठं घराणं भंगारातून सुरू झालं ते असं.

हेन्सने आपली स्पेशल बनवली आणि विकायला जाहिरात दिली. दीडशेवर लोकांनी विचारणा केली. गाडी एकच होती. मग इतरांना निदान कृती तरी देऊ, म्हणून त्याने स्पेशल कशी बनवायची यावर एक पुस्तिका लिहिली. १९५६ मध्ये, शाळेत असतानाच. २५० प्रती दहा दिवसांत गेल्या. म्हणजे एडनमध्ये कॅमेरा घेणारा माणूस नवखा नव्हता. गाडीपेक्षा गाडीची माहिती जास्त लोकांना हवी असते, हे त्याला दहा वर्षं आधीच कळलेलं होतं.

आता स्प्राइटकडे. २० मे १९५८ रोजी ती माँटे कार्लोत जगापुढे आली. किंमत करांसह ६६९ पौंड. डॉनल्ड हीलीची कल्पना साधी होती. तरुणाला परवडेल अशी स्पोर्ट्स कार, आणि त्यासाठी नवं काहीही बनवायचं नाही. ९४८ सीसीचं इंजिन ऑस्टिन ए३५ चं, स्टीअरिंग मॉरिस मायनरचं. ताकद ४३ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षाही कमी. दाराला बाहेरून हँडल नाही, हात आत घालून उघडायचं. डिकीला झाकण नाही, सामान सीटमागच्या अंधारात ढकलायचं. काचा नाहीत, लावायचे-काढायचे पडदे. पण बॉनेट! दोन्ही मडगार्ड आणि दिव्यांसकट अख्खा पुढचा भाग एका तुकड्यात वर उचलला जायचा. मगरीने जबडा उघडावा तसा. इंजिन, स्टीअरिंग, पुढचं सस्पेन्शन सगळं समोर मांडलेलं. स्वतः काम करू पाहणाऱ्याला याहून मोठं आमंत्रण कुठलं असणार? १९६१ पर्यंत अशा ४८,९८७ गाड्या ॲबिंग्डनला एमजीच्या कारखान्यात बनल्या.

कामंही भरपूर होती. टॅपेटमधली फट बारा थाऊ, म्हणजे इंचाच्या हजारातले बारा भाग. फीलर गेजची पाती घालून ती तपासायची. पाती किंचित अडत सरकली पाहिजे, लोण्यातून सुरी गेल्यासारखी नाही आणि दगडात अडकल्यासारखीही नाही. हा 'किंचित' शब्द कुठल्याच पुस्तकात नीट लिहिता येत नाही. तो बोटांना कळावा लागतो. कार्बोरेटर दोन, एसयू बनावटीचे. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर गाडी खोकत चालते. उपाय असा की रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि दोन्हीकडचा फूत्कार सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतो तेच हे.

पुढच्या चाकांच्या किंगपिनला दर हजार मैलांनी ग्रीस. आणि क्लच प्लेट गेली, तर मात्र रविवारच काय, आठवडा गेला. स्प्राइटचा क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. गॅरेजच्या तुळईला साखळी बांधायची, चार मित्र बोलवायचे आणि तुळई किती जाड आहे याचा फार विचार करायचा नाही.

ही कामं लोक स्वतः का करू लागले? हौस होतीच. पण निव्वळ हौसेने ३,००० प्रती तीन महिन्यांत खपत नाहीत. गॅरेजची मजुरी महाग होत होती हे एक. दुसरं कारण सरकारी होतं. सप्टेंबर १९६० मध्ये ब्रिटनमध्ये एमओटी चाचणी सुरू झाली. दहा वर्षांहून जुन्या गाडीचे ब्रेक, दिवे आणि स्टीअरिंग दरवर्षी तपासून घ्यायचे. पहिल्याच फेरीत इतक्या गाड्या नापास झाल्या की १९६१ च्या अखेरीस दहाची सात वर्षं झाली. १९६७ मध्ये तीन. आता हिशेब करा. १९५८ ची स्प्राइट सात वर्षांची कधी झाली? १९६५ मध्ये. म्हणजे हेन्स एडनमध्ये फोटो काढत होता त्या वर्षी तिकडे ब्रिटनमध्ये पहिल्या स्प्राइट चाचणीच्या वयात येत होत्या. एव्हाना त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे होत्या, आणि तिसरा मालक म्हणजे बहुधा पहिल्या पगाराचा, खिसा हलका असलेला तरुण. किंगपिनला ग्रीस न मिळाल्याने चाक हलतंय, म्हणून गाडी नापास. गॅरेजवाल्याने सांगितलेली रक्कम गाडीच्या किमतीच्या जवळ. अशा माणसासमोर दोनच वाटा होत्या. गाडी भंगारात घालायची, नाहीतर आपण तिच्याखाली शिरायचं.

शिरणाऱ्यासाठी हेन्सचं पुस्तक होतं. त्याची पद्धत ठरून गेली. प्रत्येक मॅन्युअलसाठी खरी गाडी आणायची, ती खरोखर खोलायची आणि खरोखर जोडायची. जे हत्यार घरात नसतं ते शक्यतो वापरायचं नाही. फोटोत हात दिसतात, आणि ते मॉडेलचे हात नसतात. जॅकखाली लाकडाचा ठोकळा दिसतो. त्या ठोकळ्याचं महत्त्व मला फार वाटतं. अधिकृत मॅन्युअलच्या रेखाचित्रात गाडी हवेत तरंगत असते. इथे ती ठोकळ्यावर उभी आहे, आणि तसा ठोकळा तुमच्याही घरामागे पडलेला असू शकतो.

या पुस्तकांची एक खोड ब्रिटनमध्ये विनोदाचा विषय झाली. भाग कसा काढायचा हे पंधरा पायऱ्यांत सांगायचं, आणि तो परत बसवायचा तर हेच उलट क्रमाने करा, असं एका ओळीत उरकायचं. ज्याने कधी स्प्रिंग काढली आहे त्याला ठाऊक आहे, की ती निघताना एका उडीत निघते आणि बसताना तीन माणसं, एक शिवी आणि अर्धा दिवस घेते. उलट क्रम कागदावर असतो. हातात आल्यावर तो वेगळाच रस्ता होतो. शेवटी दोन वायसर उरतातच. पण विनोद करणारे पुस्तक टाकून देत नव्हते. १९६७ मध्ये हेन्सने हवाई दल सोडलं, पुढे सॉमरसेटमधल्या स्पार्कफर्ड गावी बस्तान बसवलं, आणि जगभरात मिळून या मॅन्युअलच्या २० कोटींहून जास्त प्रती गेल्या.

स्प्राइटला मात्र पुस्तक पुरेसं नव्हतं. तिचा खरा शत्रू यंत्रात नव्हता, पत्र्यात होता. ऑस्टिन सेव्हनला वेगळी चेसिस होती, वरचा डबा कुजला तरी खालचा सांगाडा टिकायचा. म्हणून तर स्पेशल बनू शकल्या. स्प्राइटला वेगळी चेसिसच नव्हती. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून सगळा भार त्यांच्यावर टाकलेला. वजन आणि खर्च वाचला, पण दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत, म्हणजे सिलमध्ये, आणि मागच्या स्प्रिंगा जिथे अडकवलेल्या तिथे पाणी साचायचं. हिवाळ्यात ब्रिटिश रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. पोकळ पत्रा, पाणी आणि मीठ. कोकणात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. आतून गंज, बाहेरून चकचकीत रंग, आणि मध्ये पूर्वीच्या मालकाने थापलेली लांबी. मॅग्नेट लावून बघायचा. चिकटला नाही, तर तिथे पत्रा नाहीच, नुसती लांबी आहे. टॅपेट कुणीही शिकू शकतो. पण सिल कापून नवं वेल्डिंग करताना दरवाजाची चौकट वाकडी होऊ नये, हे कसब पुस्तकातून येत नाही. घरगुती दुरुस्तीची हद्द तिथे लागायची, आणि हजारो स्प्राइट तिथेच संपल्या.

आपल्याकडे याच काळात हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसेडर धावत होती. ती मुळात मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं बीएमसीचं 'बी' मालिकेतलं इंजिन म्हणजे स्प्राइटच्या 'ए' मालिकेतल्या इंजिनाचं थोरलं भावंड. तेच टॅपेट, तेच पॉइंट. १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झाली आणि लुकासची विजेची सामग्री इथेच बनू लागली. म्हणजे इंग्लंडमधला पोरगा रविवारी ज्या प्रकारच्या इंजिनाशी झगडत होता, तसंच इंजिन आपल्या रस्त्यावरचा मिस्त्री रोज खोलत होता. फरक असा की मिस्त्रीने मॅन्युअल पाहिलेलं नव्हतं. डिस्ट्रिब्युटरला तो 'डेल्को' म्हणायचा आणि टायमिंग कानाने लावायचा. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून जुनी टाकून देणं परवडत नव्हतं. हाताचं काम मात्र स्वस्त होतं, म्हणून मालकाला गाडीखाली शिरायची गरज पडली नाही. ज्ञान होतं, अफाट होतं. पण ते उस्तादाकडून पोऱ्याकडे बघता बघता जायचं. कागदावर फारसं उतरलं नाही. कुर्ल्याच्या आणि चोरबाजारच्या जुन्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांतून किती युक्त्या अशा तोंडीच येऊन तोंडीच विरल्या, कोण मोजणार? हेन्सने मालकासाठी लिहिलं म्हणून ते उरलं. आपल्याकडे मालक शिकला नाही आणि मिस्त्रीचं कुणी लिहून घेतलं नाही.

तुम्ही हे ज्या वस्तूवर वाचताय तिचाही या गोष्टीशी संबंध आहे. २००३ मध्ये अमेरिकेत कॅल पॉली विद्यापीठातल्या काइल वीन्स या विद्यार्थ्याचा ॲपलचा लॅपटॉप बिघडला. दुरुस्तीचं मॅन्युअल शोधलं तर कंपनी ते बाहेर देत नव्हती. तो आणि त्याचा मित्र ल्यूक सोल्स यांनी जुळवाजुळव करून लॅपटॉप खोलला. पुढे दोघांनी यंत्रं खोलताना पायरीगणिक फोटो काढून ते सगळ्यांसाठी खुले ठेवायला सुरुवात केली. त्यातून आयफिक्सिट उभी राहिली. आज फोनची बॅटरी कशी काढायची हे तुम्ही फोटो बघत बघत शिकता, ती रीत एडनमधल्या त्या इंजिनाशेजारचीच आहे. फरक इतकाच की स्प्राइट बनवणाऱ्यांनी ती उघडू नये म्हणून काही केलं नव्हतं. त्यांनी फक्त सांगायचं टाळलं होतं. बॅटरी गोंदाने चिकटवणं आणि बाजारात पाना मिळणार नाही असे स्क्रू वापरणं ही नंतरची प्रगती. गाड्यांतही माहिती संगणकात गेली. २०१२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याला कायदाच करावा लागला की डीलरला मिळते ती दुरुस्तीची माहिती मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजलाही मिळालीच पाहिजे. भारत सरकारने २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. हक्क म्हणून मागावी लागते ती हीच गोष्ट, जी हेन्सने कुणाला न विचारता केली होती.

जॉन हेन्स २०१९ च्या फेब्रुवारीत गेला. पुढच्याच वर्षी त्याची कंपनी विकली गेली, आणि नव्या गाड्यांसाठी छापील वर्कशॉप मॅन्युअल काढणं बंद करत असल्याचं जाहीर झालं. जुनी मॅन्युअल मात्र मिळतात. स्प्राइटच्या वापरलेल्या प्रतीत कुठली पानं काळी आहेत ते बघावं. ग्रीसचे ठसे ज्या पानांवर दाट, ती कामं त्या गाडीवर पुन्हा पुन्हा झाली. कोरी पानं म्हणजे एकतर ती वेळ आली नाही, किंवा आली तेव्हा धीर झाला नाही.

एमओटीचंही चक्र फिरलं. २०१२ पासून ब्रिटनमध्ये १९६० च्या आधीच्या गाड्यांना आणि २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना ही चाचणी सक्तीची राहिली नाही. गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवायची कायदेशीर जबाबदारी मात्र मालकावर तशीच आहे. म्हणजे आज ज्यांच्याकडे फ्रॉगआय उरली आहे त्यांची गाडी वर्षातून एकदा दुसऱ्या कुणी तपासेलच असं नाही. किंगपिन हलतोय का ते बघायला चाक जॅकवर घ्यायचं, वरून आणि खालून धरून हलवायचं, बॅटरी पेटवून सिलच्या आत बघायचं आणि दर हजार मैलांनी ग्रीस द्यायचं, हे सगळं त्यांचं त्यांनाच करायचं आहे.